'टोकियो स्टोरी'मधली शिगे खरंच इतकी वाईट आहे का?

कावळ्याची_फांदी

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी'बद्दल (१९५३) कुठेही वाचा, दोन गोष्टी ठरलेल्या असतात. विधवा सून नोरिको म्हणजे देवी आणि थोरली लेक शिगे म्हणजे कैदाशीण. मला हे दर वेळी थोडं कमी पटत चाललंय, म्हणून धागा.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. शुकिची आणि तोमी हिरायामा हे म्हातारा-म्हातारी ओनोमिची या बंदराच्या गावातून टोकियोला मुलांकडे येतात. थोरला कोइची डॉक्टर, पण दवाखाना शहराच्या कडेच्या वस्तीत. शिगे स्वतःचं ब्यूटी पार्लर चालवते. मधला शोजी युद्धात गेला, त्याची बायको नोरिको एका कंपनीत नोकरी करते आणि एका खोलीत राहते. केइझो ओसाकाला रेल्वेत आहे. धाकटी क्योको गावात शिक्षिका आहे, आईवडिलांजवळ. टोकियोत कुणालाच वेळ नाही. मुलं पैसे काढून त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात. ते तिथून लवकर परततात, मग गावी जायला निघतात, वाटेतच तोमीची तब्येत बिघडते आणि घरी पोचल्यावर ती जाते.

शिगेवरचे आरोप सगळ्यांना पाठ असतात. नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी चांगले केक आणले तर "कशाला इतके महागाचे" म्हणते आणि वर स्वतःच एक खाते. गिऱ्हाइकाने विचारलं तर आईवडिलांना गावाकडचे ओळखीचे म्हणून मोकळी होते. आई गेल्यावर जेवणाच्या पानावरच तिची ओबी (किमोनोचा कमरपट्टा) आणि किमोनो मागते.

सगळं कबूल. पण आईबाप राहिले कुणाकडे? मुख्यतः कोइचीकडे आणि शिगेकडे. नोरिकोने एक दिवस रजा काढून बसमधून टोकियो दाखवलं आणि तोमीला एक रात्र आपल्याकडे झोपवलं. एक दिवस गोड वागायला काय जातं? दुकान चालवणाऱ्या बाईने रोज काय करायचं? आईबापांना बघणं नेमकं कुणाचं काम होतं?

मेथीचे_लाडू

जन्मदात्यांना 'गावाकडचे कुणीतरी' म्हणते ना? विषय संपला. कैदाशीणच.

खवट_शेंगदाणा

शेवट सांगून टाकलात की हो! स्पॉइलरचा इशारा द्यायचा.

कावळ्याची_फांदी

सत्तर वर्षं झाली सिनेमाला. आता कसला इशारा.

सदू_सांगोलेकर

दोन तास सोळा मिनिटं माणसं चटईवर बसून पंख्याने वारा घेतात आणि "हो का", "हो ना" म्हणतात. मी अर्ध्यात झोपलो. (दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या.) शिगे तेवढी जिवंत वाटली, कारण ती भरभर बोलते.

जुना_प्रोजेक्टर

सदूभाऊ, ती भरभर बोलणारी हारुको सुगिमुरा. रंगभूमीवरची मोठी नटी. गंमत बघा, तिचा बाप झालेला चिशू र्‍यू तिच्यापेक्षा फक्त पाचेक वर्षांनी मोठा होता. पन्नाशीसुद्धा न गाठलेला माणूस सत्तरीचा म्हातारा झालाय, आणि कुठेही मेकअप दिसत नाही. त्याची पाठ बघा, उठताना हात कुठे टेकतो ते बघा.

आणि कॅमेरा जमिनीलगत ठेवून जवळपास सगळं एकाच भिंगातून घेतलंय. जपानी घरात माणसं जिथे बसतात तिथे आपल्यालाही बसवलंय. एकदा तसं बसलात की उठून जाववत नाही. तुम्हाला झोप लागली हा वेगळा भाग.

रुईची_फुलं

मूळ प्रश्नाकडे येते. मला या सिनेमातली नोरिको आवडते, पण नोरिकोचं कौतुक करणारे लोक आवडत नाहीत.

लेक वाईट, सून देवी. ही मांडणी कुणाच्या सोयीची आहे? ज्या बाईने नवरा गेल्यावर आठ वर्षं दुसरं लग्न केलं नाही, त्याचा फोटो खोलीत ठेवला, सासूच्या पाठीला मालिश केली, ती आदर्श. जिने धंदा उभा केला, जी पैशाचं तोंडावर बोलते, ती कैदाशीण. नोरिको स्वतः शेवटी सासऱ्यांना काय सांगते ते कोणी ऐकतच नाही. मी तुम्हाला वाटते तितकी चांगली नाही. कित्येक दिवस शोजीची आठवणसुद्धा येत नाही. रात्री वाटतं, असंच राहिलं तर माझं काय होणार. काहीतरी घडावं म्हणून मन वाट बघत असतं. नोरिको झालेली सेत्सुको हारा हे बोलते आणि तोंड झाकून रडते. त्यावर सासरा तिला तोमीचं घड्याळ देतो आणि पुन्हा म्हणतो, तू चांगली आहेस. म्हणजे तिने एवढं सांगूनही तिला देवीपदावरून खाली उतरू दिलं नाहीच!

स्वतः सून आहे म्हणून बोलते. चांगली म्हटलं की पुढचं काम आपोआप आपल्याकडे येतं.

मेथीचे_लाडू

रुई, शेवटच्या ओळीला दहा लाइक. बाकी असहमत. सासरा तिला म्हणतो की दुसरं लग्न कर, शोजीला विसर. सासूही आधी तेच म्हणते. सोयीसाठी धरून ठेवणारे लोक असं म्हणत नाहीत.

वकिलीण_बाई

कावळ्याची फांदी यांनी काम कुणाचं असं विचारलंय. याला कायद्याचं सरळ उत्तर आहे आणि त्यातच सिनेमाची अर्धी गोष्ट आहे.

जपानमध्ये १८९८च्या नागरी कायद्याने 'इए' म्हणजे घराणं हा कायद्याचा घटक केला. घराण्याला एक प्रमुख. तो गेला की प्रमुखपण आणि इस्टेट एकालाच, बहुतेक वेळा थोरल्या मुलाला. धाकट्यांनी आपापलं बघायचं. बदल्यात म्हाताऱ्यांचं, देव्हाऱ्याचं, थडग्यांचं सगळं थोरल्याने करायचं. लग्नाला प्रमुखाची परवानगी लागे. शिवाय पुरुष तिशीच्या आत आणि बाई पंचविशीच्या आत असेल तर आईवडिलांची संमती वेगळी. सून ही नवऱ्याची बायको असण्याआधी त्या घराण्यात दाखल झालेली व्यक्ती.

युद्ध हरल्यावर हे सगळं गेलं. ३ मे १९४७ला नवी राज्यघटना लागू झाली. तिचं २४वं कलम सांगतं की लग्न फक्त दोघांच्या संमतीने होतं. हे कलम लिहिण्यात ताबा घेतलेल्या अमेरिकन कचेरीतल्या बिएटे सिरोटा या बावीस वर्षांच्या मुलीचा मोठा वाटा होता. लहानपण टोकियोत गेलेली, जपानी घरं आतून पाहिलेली. १ जानेवारी १९४८पासून सुधारित नागरी कायदा आला, घराणं बरखास्त झालं, वारसा सगळ्या मुलांत सारखा.

आता 'टोकियो स्टोरी' बघा. पाचच वर्षं झालीत. कोइचीला थोरला म्हणून मिळायचं ते आता एकट्याला मिळणार नाही. मग आईबाप तरी एकट्याने का सांभाळायचे? सगळ्यांची जबाबदारी झाली की ती कुणाचीच राहत नाही. कोइची आणि शिगे दोघं बसून अतामीचा खर्च वाटून घेतात, तो प्रसंग म्हणजे नवा कायदाच आहे. बरोबर निम्मे-निम्मे.

आणि नोरिको? नव्या कायद्यात नवरा वारल्यावर बायको एक नोंद करून सासरशी नातं तोडू शकते. कुणाची परवानगी नको. म्हणजे पडद्यावर ती जे करते ते कायद्याने तिच्यावर अजिबात नाही. म्हणून मला ती देवीही वाटत नाही आणि बळीही वाटत नाही. दार उघडं असताना ती बसलीय, एवढंच.

निशीकासाईकर

वकिलीणबाई, ते कलम आजही आहे. इथे जपानात गेल्या काही वर्षांत त्याचा वापर वाढल्याच्या बातम्या येत असतात. 'मरणोत्तर घटस्फोट' असं नाव पडलंय. नवरा गेल्यावर सासूसासऱ्यांची सेवा आणि सासरच्या थडग्यात जागा, दोन्ही नको म्हणून बायका नोंद करतात. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी अगदी सहज सांगितलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता.

मी ओनोमिचीला जाऊन आलोय. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत गाव, चढणीच्या अरुंद गल्ल्या, देवळं, मांजरं. तोमी गेल्यावर पहाटे म्हातारा जिथे एकटा उभा असतो ते जोदोजी देऊळ. नोरिको शोधत येते तेव्हा तो म्हणतो, सुंदर पहाट झाली, आजही उकडणार. तिथून खाली बघितलं की रुळ दिसतात, पलीकडे पाणी, पाण्यापलीकडे बेट. आता तिथे सायकलवाल्यांची गर्दी असते, कारण बेटांवरून शिकोकूपर्यंत जाणारा सायकलरस्ता तिथूनच निघतो.

सिनेमात हे लोक टोकियोहून रात्री निघतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावी पोचायचे असतात. शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली १९६४च्या ऑक्टोबरात. आज फुकुयामाला गाडी बदलून चार-साडेचार तास लागतात. मुलं तरीही वर्षातून एकदा, ओबोनला (पितरांच्या सणाला) नाहीतर नव्या वर्षाला येतात. अंतर कमी झालं की माणसं जास्त येतात असं काही नाही.

सदू_सांगोलेकर

जपानी बाईंनी डबा उघडता उघडता मरणोत्तर घटस्फोट काढला आणि तुम्ही डबा बंद करून पळालात का?

निशीकासाईकर

बसून राहिलो. पण नंतर महिनाभर बायकोशी फार सांभाळून बोलत होतो.

जुना_प्रोजेक्टर

वकिलीणबाईंचा प्रतिसाद उत्तम. पण काळ बदलला, कायदा बदलला, म्हणून मुलं अशी वागली या निष्कर्षावर माझी हरकत आहे. ओझूनेच तो खोडून ठेवलाय.

१९४१चा 'तोदा घराण्यातली भावंडं' बघा. युद्धाचा काळ, जुना कायदा पूर्ण जोरात, घराणं श्रीमंत आणि इभ्रतदार. वडील अचानक जातात, मागे कर्ज निघतं, घर विकावं लागतं. आई आणि धाकटी बहीण थोरल्याकडे राहायला जातात. कायद्याने थोरला प्रमुख, त्याचं कर्तव्य. महिनाभरात सुनेच्या चेहऱ्यावर आठ्या. मग तिथून एका लेकीकडे, मग दुसरीकडे जायचं म्हणताच तिथेही तीच तऱ्हा. प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर वडिलांची कुंडीतली झाडं आणि बोलणारी मैना फिरते. त्या मैनेच्या पिंजऱ्याकडे बघून मला सगळ्यात जास्त पोटात तुटतं. शेवटी दोघी समुद्राकाठच्या मोडक्या बंगल्यात जाऊन राहतात. वर्षश्राद्धाला मधला भाऊ चीनमधून येतो आणि जेवायला बसलेल्या एकेकाला झाडून घालवतो. तेवढं जरा नाटकी झालंय, आणि सगळ्यांनी तिएन्त्सिनला चला हा त्याचा तोडगा त्या काळच्या सरकारला आवडेल असाच आहे.

त्याच्याही आधी, १९३६चा 'एकुलता एक मुलगा', ओझूचा पहिला बोलपट. रेशमाच्या कारखान्यात राबणारी आई मुलाला शिकवण्यासाठी घरदार विकते. मुलगा टोकियोला जाऊन कचऱ्याच्या भट्ट्यांजवळ राहणारा रात्रशाळेचा मास्तर होतो. तो चांगला आहे, सून चांगली आहे, उसने पैसे काढून आईला फिरवतात. तरी आई गावी जाऊन मैत्रिणीला सांगते, माझा मुलगा मोठा माणूस झालाय, आणि मागच्या अंगणात जाऊन बसते.

म्हणजे १९३६, १९४१, १९५३. कायदा जुना असो की नवा, घर श्रीमंत असो की गरीब, गोष्ट तीच. जुन्या कायद्याने घर कुणाचं ते ठरवलं होतं. म्हातारीला ताटावर बसवून वाढायचं कुणी, ते कुठल्याच कायद्यात नव्हतं.

मेथीचे_लाडू

म्हणजे थोडक्यात 'बागबान'.

खवट_शेंगदाणा

आलं! मी पैज लावली होती की पंधराव्या प्रतिसादाच्या आत 'बागबान' येणार.

जुना_प्रोजेक्टर

हसू नका, धागा खरा आहे. हॉलिवूडच्या लिओ मॅककॅरीचा १९३७चा 'मेक वे फॉर टुमॉरो'. कर्जापायी घर जातं, म्हातारा एका मुलाकडे आणि म्हातारी दुसऱ्याकडे. ओझूचा जोडीदार लेखक कोगो नोदा याने तो पाहिला होता आणि 'टोकियो स्टोरी'चं बीज तिथलं. आणि आपल्याकडे राजा परांजप्यांचा 'ऊन पाऊस' १९५४चा. तिथेही मास्तर आणि त्यांची बायको मुलांमध्ये वाटले जातात. तीन देश, एकच गोष्ट. ओझूने मात्र नवराबायकोची ताटातूट काढून टाकली. त्याच्याकडे दोघं शेवटपर्यंत एकत्र आहेत आणि एकत्रच नकोसे झालेत.

भरड_धान्य

तुम्ही लोक ओझूतच अडकलात. कर्तव्य म्हणजे काय ते बघायचं तर मिकिओ नारुसे बघा. ओझूच्या माणसांना पैशाची अडचण असते, नारुसेची माणसं नोटा मोजतात. कुणी किती उसने दिले, व्याज किती, भाडं कधी थकलं.

१९६४चा 'मिदारेरु'. नायिका हिदेको ताकामिने. लग्नाला वर्षही झालं नाही आणि नवरा युद्धात गेलाय. बॉम्बने जळालेलं सासरचं किराणा दुकान या बाईने एकटीने उभं केलं आणि अठरा वर्षं चालवलं. आता गावात सुपरमार्केट आलंय, अंडी निम्म्याहून कमी भावाने विकतंय. शेजारचा दुकानदार जीव देतो. तर नणंदा काय म्हणतात? दुकान पाडून आपलंच सुपरमार्केट काढू. मग वहिनीचं काय? तिचं लग्न लावून देऊ! किती प्रेमाने म्हणतात बघा, अजून तरुण आहेस, आमच्यासाठी आयुष्य वाया घालवू नकोस. सासू गप्प. दुकानाच्या कागदांवर हिचं नाव कुठेच नाही.

नोरिको तिथेच राहिली असती तर काय झालं असतं याचं उत्तर हा सिनेमा आहे. आणि मेथीचे लाडू, दुसरं लग्न कर म्हणणारे नेहमी भल्यासाठीच म्हणतात असं नाही, ते इथे बघा. वाक्य तेच, हिशेब वेगळा. त्यात धाकटा दीर हिच्या प्रेमात आहे, ते तुम्ही स्वतः बघा. शेवटचा शॉट मी सांगणार नाही. खवटरावांचा मान राखतो.

खवट_शेंगदाणा

आभारी आहे. तोवर एक अवांतर. ओझूने जन्मभर लग्न केलं नाही. आईजवळ राहिला. आणि सिनेमे कसले काढले? मुलीचं लग्न कसं जमवायचं! आई १९६२च्या फेब्रुवारीत गेली, तो पुढच्या वर्षी १२ डिसेंबरला, बरोबर साठाव्या वाढदिवशी. ज्याने कधी स्थळ पाहायला पोहे खाल्ले नाहीत त्याने अख्ख्या जपानला लग्न शिकवलं.

निशीकासाईकर

अवांतरावर अवांतर. युद्धात ओझू सिंगापूरला होता हे माहीत असेल. कशासाठी पाठवला होता? भारताच्या स्वातंत्र्यलढ्यावर, सुभाषबाबूंच्या फौजेवर प्रचारपट करायला. नाव 'दिल्लीकडे, दिल्लीकडे' अशा अर्थाचं. तो पूर्ण झालाच नाही. ओझूने तिथे जप्त केलेले अमेरिकन सिनेमे मनसोक्त पाहिले, मग युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला आणि १९४६मध्ये घरी आला.

सदू_सांगोलेकर

कल्पना करा. नेताजी चटईवर बसून पंख्याने वारा घेतायत. "दिल्ली लांब आहे." "हो, लांब आहे." "आज उकडतंय."

कावळ्याची_फांदी

सदूभाऊ, हसून हसून मेलो. आता परत गाडीवर या.

रुईची_फुलं

खवटरावांच्या अवांतरात एक मुद्दा आहे. ओझूच्या लग्नाच्या सिनेमांत कर्तव्य उलट्या दिशेने वाहतं. १९४९चा 'बानशुन' घ्या. कामाकुरात विधुर प्राध्यापक आणि त्याची सत्तावीस वर्षांची लेक. तिचंही नाव नोरिको, तीही सेत्सुको हारा. तिला बापाजवळ राहायचंय. बापाने ठरवलंय की तिने गेलं पाहिजे, म्हणून तो आपण दुसरं लग्न करणार असं खोटं सांगतो. लेकीने बापाला सांभाळायचं हे तिचं कर्तव्य, आणि ते तिला करू न देणं हे त्याचं.

आत्या पुन्हा आपली सुगिमुराच. देवळात तिला पैशाचं पाकीट सापडतं. शुभशकुन आहे म्हणून सरळ खिशात घालते! जावयाचं नाव आहे कुमातारो, त्यातला 'कुमा' म्हणजे अस्वल. त्यामुळे त्याला हाक काय मारायची याचीच हिला चिंता. कुमातारोसान म्हटलं तर दरोडेखोर वाटतो. शेवटी 'कू-चान' ठरतं. तो नवरामुलगा मात्र अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही.

वकिलीण_बाई

आणि वर्ष बघा, १९४९. घटनेत फक्त दोघांची संमती लिहून दोन वर्षं झालीत. नोरिकोला तो अधिकार आहे. ती 'हो' म्हणतेही. पण ते 'हो' तिने आत्यासमोर भिंतीकडे बघून म्हटलंय. कायद्याने परवानगी देणारा प्रमुख काढला, आत्या काढता येत नाही.

भरड_धान्य

'आत्या काढता येत नाही.' हे फ्रेम करून लावतो.

त्याच्या पुढचा १९५१चा 'बाकुशू' बघा. तिथली नोरिको (तीच, अजून कोण) खरोखर स्वतः ठरवते. शेजारच्या म्हातारीने सहज मनातलं बोलून दाखवलं, की माझ्या विधुर मुलासाठी तुझ्यासारखी मिळाली असती तर. ही तिथल्या तिथे हो म्हणते. म्हातारी आनंदाने इतकी भांबावते की तिला आनपान (गोड सारणाचा पाव) खाणार का म्हणून विचारते. ती म्हातारीही सुगिमुराच! घरी मात्र सुतक पडल्यासारखं. कारण हिच्या पगारावर घराला हातभार होता. ती आकितासारख्या लांबच्या प्रांतात गेली तसे आईबाप गावी काकांकडे गेले आणि थोरल्याचं बिऱ्हाड तेवढं राहिलं. लेकीने अधिकार वापरला आणि तीन पिढ्यांचं घर विस्कटलं.

सांगली_ते_टोरांटो

बरेच दिवस वाचनमात्र होतो. कोइचीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रविवारी सगळे नवे कपडे घालून बाहेर पडायच्या बेतात, आणि एका आजारी मुलाचा बाप बोलवायला येतो. कोइची बॅग घेऊन जातो. नातवंडं आरडाओरडा करतात. म्हातारा म्हणतो, असू दे, तुझं काम आहे.

माझे आईबाबा इथे येतात तेव्हा तो 'असू दे' आमच्या घरात सतत असतो. बर्फात बाहेर पडता येत नाही, आम्ही दोघं कामावर, नातू शाळेतून आला की खोलीत. गेल्या खेपेला आम्ही त्यांना नायगाऱ्याची दोन दिवसांची सहल बुक करून दिली, चांगलं हॉटेल, धबधब्याकडची खोली. आई परत आल्यावर म्हणाली, छान होतं, पण खाली रात्रभर गाणी चालू होती. मला अतामीच आठवलं. तिथेही खाली रात्रभर गाणी आणि माजाँगचा खडखडाट, आणि सकाळी समुद्राकाठच्या बांधावर बसून म्हातारा म्हणतो त्या अर्थाचं काहीतरी: आता घरी जाऊ या.

यात वाईट कुणी नव्हतं हे मला माहीत आहे. धागालेखकाशी तेवढ्यापुरता सहमत.

जुना_प्रोजेक्टर

टोरांटो, छान लिहिलंत. आणि ओझूच्या म्हाताऱ्यांनाही मुलांबद्दल तक्रार आहेच. कोइची बडा डॉक्टर असेल असं त्यांना वाटलं होतं. दारूच्या गुत्त्यात मित्र नुमाता तर उघडच रडतो, माझा मुलगा साधा कनिष्ठ अधिकारी आहे आणि मी लोकांना मोठा साहेब म्हणून सांगतो. समोर बसलेल्या हात्तोरीचे दोन्ही मुलगे युद्धात गेलेत. तो म्हणतो, दोघांतला एक जरी वाचला असता तर.

सदू_सांगोलेकर

धाग्यामुळे काल पुन्हा बसलो. या वेळी जागा राहिलो, नोंद घ्यावी.

त्या गुत्त्यानंतरचं बघा. मध्यरात्री पोलीस दोन झिंगलेल्या म्हाताऱ्यांना शिगेच्या दारात आणून सोडतो. दोघं पार्लरच्या खुर्च्यांवर आडवे. शिगे नवऱ्याला सांगते की बाबा पूर्वी असेच रोज पिऊन यायचे, आईला फार त्रास व्हायचा, क्योको झाली तेव्हा कुठे सुटली, आता पुन्हा सुरू. दोनच वाक्यं. पण त्या घरात लहानपणी दार उघडायला कोण उठत असेल? थोरली लेक. क्योकोला बाप साधू दिसतो कारण तिने तो बाप पाहिलेलाच नाही. नोरिकोने तर नाहीच नाही.

कावळ्याची_फांदी

सदूभाऊ, झोपेचे सगळे गुन्हे माफ. हा मुद्दा मी कुठे वाचलेला नाही.

त्याला जोडून सुतकाच्या कपड्यांचा. तार येते तेव्हा शिगे कोइचीला विचारते, काळे कपडे न्यायचे का? लागले नाहीत तर उत्तमच. ऐकायला भयंकर वाटतं. पण ओनोमिचीत आई खरंच जाते आणि तेव्हा नोरिको आणि केइझो यांच्याकडे कपडे नाहीत, उसने आणावे लागतात. अंत्यविधी नीट झाला पाहिजे हे कुणाच्या डोक्यात होतं?

मेथीचे_लाडू

कपडे आणले हे ठीक. पण आईला अग्नी देऊन येतात, जेवायला बसतात, आणि तिथे ओबी मागते. रात्री हमसून रडली होती हे मान्य, पहिली तीच रडली. पण लगोलग रडणं आणि वाटणी दोन्ही? क्योको चिडते ते बरोबरच चिडते.

रुईची_फुलं

क्योकोचं नाव निघालं म्हणून. तीसेक प्रतिसाद झाले, शिगे आणि नोरिको यांच्यावर आपण भांडतोय. दोघी शेवटी टोकियोच्या गाडीत बसल्या. मागे कोण राहिलं?

क्योको विशीतली, अविवाहित, शाळेत नोकरी. घरात आता फक्त विधुर बाप. 'बानशुन'ची सुरुवात नेमकी इथूनच होते की नाही? त्याच जेवणाच्या पानावर, ओबीच्या आसपास, शिगे आणखी एक बोलते जे आपण सगळे रागाच्या भरात सोडून देतो. ती म्हणते, खरं तर बाबा आधी गेले असते तर बरं होतं. क्योकोचं लग्न झालं की ते एकटे पडतील. आई असती तर टोकियोला कुठेही सामावून गेली असती. निर्दय आहेच. पण क्योकोचं लग्न व्हायचंय आणि बापाचं काय करायचं, हा प्रश्न त्या घरात मोठ्याने फक्त तिनेच काढला. नोरिको क्योकोला प्रेमाने समजावते, मोठं झालं की सगळेच असे होतात, मीसुद्धा होईन. प्रश्न मात्र काढत नाही.

वकिलीण_बाई

आणि कायद्याने क्योकोचा हिस्सा शिगेइतकाच!

मेथीचे_लाडू

शिगे तरीही आवडत नाही. पण क्योकोच्या लग्नाला आत्या म्हणून कोण उभी राहणार ते कळलं.

खवट_शेंगदाणा

आणि पाकीट सापडलं तर खिशात कोण घालणार तेही. भरड धान्य, 'मिदारेरु' कुठे मिळेल? मराठी नको, इंग्रजी सबटायटल चालतील.

भरड_धान्य

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. एकट्याने बघू नका, नणंदेबरोबर तर अजिबात नको.